कोटगिरीचे पक्षीवाले अण्णा आणि शोलाकिळी: दोन सकाळींचा अनुभव (लांबलाय, पण पूर्ण वाचा)

आधी मुद्द्याचं सांगते. निलगिरीत पक्षी बघायला जाणार असाल आणि मुक्काम कोटगिरीला असेल तर तुमच्या होमस्टेवाल्यांना विचारा की पायी फिरवणारे, स्पीकर न वाजवणारे अण्णा माहितीयत का. बहुतेकांना माहिती असतात आणि ते मिळाले तर दुसरं कोणी शोधू नका. नाव आणि नंबर मी इथे मुद्दाम टाकत नाहीये. त्यांनीच तशी विनंती केली, कारण एका वेळी चारच्या वर माणसं ते नेत नाहीत आणि ज्या ओढ्याकाठी नेतात तिथे रोज झुंबड उडाली तर पक्षी जागा सोडेल असं त्यांचं म्हणणं आहे, आणि दोन सकाळी त्यांच्याबरोबर फिरल्यावर मला ते शंभर टक्के पटलंय.

आम्ही दोघीच गेलो होतो, मी आणि माझी मावशी. मावशी ६४ वर्षांची, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बुकिंग करतानाच मी विचारून घेतलं होतं की चढ किती आहे. अण्णांनी फोनवर मोडक्या हिंदीत सांगितलं, "मॅडम, चढ है, लेकिन मैं धीरे चलता हूं, पक्षी भी धीरे चलनेवाले को ही दिखता है." तेव्हाच मला माणूस आवडला.

पोचायचं कसं ते पटकन सांगते. पुण्याहून कोईमतूर, तिथून मेट्टुपाळयम आणि तिथून घाटाने कोटगिरीची सरकारी बस. स्वतःची किंवा भाड्याची गाडी नेणार असाल तर ई-पास काढायला विसरू नका, मद्रास हायकोर्टाच्या आदेशाने मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात वर जायला तो लागतो, ऑनलाइन मिळतो. आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वर चालत नाहीत, नाक्यावर काढून घेतात, स्टीलची घेऊन जा.

आता पक्ष्याबद्दल, कारण बऱ्याच जणांनी हे नावही ऐकलेलं नसेल. शोलाकिळी. शेवटी आपलाच ळ आहे, तामिळमध्येही तसाच म्हणतात, त्यामुळे आपल्याला उच्चार सोपा जातो, उत्तरेकडचे लोक शोलाकिली म्हणतात तेव्हा अण्णांना राहवत नाही. शोला म्हणजे डोंगराच्या घड्यांमध्ये, ओढ्याच्या कडेकडेने वाढणारं ठेंगण्या झाडांचं सदाहरित रान आणि मल्याळममध्ये किळी म्हणजे पक्षी. निलगिरी शोलाकिळी पालघाट खिंडीच्या उत्तरेला, म्हणजे निलगिरी, बाबाबुदन, ब्रह्मगिरी अशा उंच डोंगरांवरच आहे, जगात इतर कुठेही नाही. खिंडीच्या दक्षिणेला तिची पांढऱ्या पोटाची बहीण राहते, तीही तिथल्या शोलांपुरतीच. खिंड म्हणजे तीस-चाळीस किलोमीटरचा सखल पट्टा, आपण गाडीने तासाभरात पार करतो, पण थंड ओल्या रानात जमिनीवर उड्या मारत जगणाऱ्या एवढ्याशा जिवाला तो समुद्रासारखाच आहे. म्हणून या डोंगरमाथ्यांना अभ्यासक आकाशातली बेटं म्हणतात आणि खाली ढग साचलेले असताना वरून बघितलं की खरंच तसंच दिसतं.

माझ्याकडच्या जुन्या फील्ड गाइडमध्ये हिचं नाव शॉर्टविंग आहे, नंतर काही वर्षं ब्लू रॉबिन होती, शेवटी २०१७ मध्ये डीएनए तपासून व्ही. व्ही. रॉबिन, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन वगैरे शास्त्रज्ञांनी दाखवलं की ती शॉर्टविंगही नाही आणि त्या रॉबिनांपैकीही नाही, तिची जातकुळीच वेगळी आहे, आणि तिच्यासाठी शोलिकोला हे नवीन नाव केलं, अर्थ शोलात राहणारी. जर्डन या इंग्रज पक्षीअभ्यासकाने या पक्ष्याचं वर्णन केलं एकोणिसाव्या शतकात, म्हणजे तिचं खरं घराणं कळायला आपल्याला पावणेदोनशे वर्षं लागली. आणि कळलं तेव्हा ती धोक्यात असलेल्यांच्या यादीत होती, आययूसीएन या निसर्ग वाचवण्याचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या भाषेत एन्डेंजर्ड.

पहिली सकाळ लाँगवुड शोला. कोटगिरीच्या अगदी शेजारी आहे, फॉरेस्टची परवानगी लागते, अण्णांनी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती आणि पावती आम्हाला दाखवली, हे मला फार बरं वाटलं, नाहीतर बरेच जण "चलता है" म्हणून आत घुसवतात. हे रान आजूबाजूच्या गावच्या लोकांनी एक समिती करून वर्षानुवर्षं राखलंय, त्यातून निघणारं पाणी खालच्या गावांना जातं. सव्वापाचला होमस्टेच्या दारात अण्णा हजर, डोक्याला माकडटोपी, अंगात फाटका स्वेटर, गळ्यात जुनी दुर्बीण आणि हातात स्टीलचा डबा. एप्रिल असूनही हाताची बोटं गारठली होती, स्वेटर न्याच.

आत शिरण्याआधी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. फोन खिशात. बोलायचं नाही, काही दिसलं तर हात वर. आणि फ्लॅश मारला तर वॉक तिथेच संपेल, पैसे परत. मला वाटलं होतं आत गेल्यावर चालत चालत पक्षी दिसत जातील, पण आम्ही पंधरा मिनिटं चाललो असू, त्यानंतर एका छोट्या ओहळाच्या काठी त्यांनी मावशीसाठी घडीचं स्टूल उघडलं (ते पाठीवर घेऊन आले होते, न सांगता) आणि मला एका मुळावर बसवलं, आणि मग नुसतं बसायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं.

शोलात पहिल्यांदा बसाल तर काय होतं सांगते. आधी काहीच दिसत नाही. खाली अंधार आहे, झाडं बुटकी आहेत पण वरचा पाला असा एकमेकांत गुंतलेला की आकाश तुकड्यातुकड्यांतच. खोडांवर शेवाळ, त्या शेवाळावर नेचे, आणि सगळं ओलं, पाऊस पडून दोन दिवस झाले होते तरी थेंब पडतच होते. पायाखाली कुजलेला पाला इतका जाड की पाऊल टाकलं की दबून परत वर येतो, मावशी म्हणाली गादीच आहे अगं. आणि खालची झुडपं बघून मी चकित, पानं ओळखीची वाटली, विचारलं तर अण्णा म्हणाले कुरिंजीची भावंडं, म्हणजे आपल्या कारवीचंच गोत! सह्याद्रीच्या दुसऱ्या टोकाला हजार किलोमीटरवर कारवीच्या नातेवाइकांमध्ये बसलोय या विचारानेच मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

मग गाणं सुरू झालं. कुठून येतंय कळेना. आधी एक बारीक शिट्टी, मग दुसरी थोडी वरची, मग मध्येच खरखर, परत शिट्टी आणि मग हे सगळं एकात एक गुंफून लांबच लांब, संपलं वाटेपर्यंत पुढे सुरू. आपल्याकडचा शीळ घालणारा कस्तूर ज्यांनी पावसाळ्यात घाटात ऐकलाय त्यांना अंदाज येईल, पण कस्तूराची शीळ मोकळी, दरीभर पसरणारी असते, हिचं गाणं जमिनीलगत, आतल्या आत, स्वतःशीच बोलल्यासारखं. मावशीने डोळे मिटून घेतले होते.

आणि सात वाजायच्या सुमारास ती आली, उडत नाही, चालत. म्हणजे उड्या मारत. ओहळाच्या पलीकडे पायवाटेवर एक काळा ठिपका आला, मला उंदीर वाटला, मग थांबला तेव्हा लांबसडक पाय दिसले. चिमणीहून किंचितच मोठी, दयाळपेक्षा लहान, पण पाय एवढे लांब की अंगाला शोभत नाहीत. सावलीत पूर्ण काळी. एक उडी मारून उन्हाच्या कवडशात आली आणि तोच काळा रंग पाटीसारखा निळा झाला, कुशीला आणि पोटाला तांबूस विटकरी. चोचीने एक पान उचललं, बाजूला टाकलं, दुसरं उचललं, टाकलं, तिसऱ्याखाली काहीतरी वळवळलं ते पकडलं आणि दोनदा दगडावर आपटलं. मग शेपटी एकदा वर केली आणि आमच्याकडे बघितलं. माझ्यापासून पाच-सहा मीटर असेल. दुर्बिणीची गरजच नव्हती, मी दुर्बीण उचललीच नाही, हात हलला तर जाईल या भीतीने श्वाससुद्धा अर्धाच घेत होते. दीड-दोन मिनिटं होती बहुतेक. गेली तेव्हा मावशीच्या डोळ्यात पाणी होतं आणि अण्णा तिच्याकडे बघून नुसते हसले, काही बोलले नाहीत.

आता स्पीकरबद्दल लिहितेच, कारण माझ्या मते या माणसाला पैसे देण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. मी दोन वर्षांपूर्वी घाटातल्या दुसऱ्या एका ठिकाणी दुसऱ्याच एका गाइडबरोबर गेले होते, त्याने ब्लूटूथ स्पीकर झाडाखाली ठेवला आणि पक्ष्याचं रेकॉर्डिंग वीस मिनिटं लावून ठेवलं. पक्षी आला, पिसं फुलवून, इकडून तिकडे झेपावत, आम्ही सगळ्यांनी धडाधड फोटो काढले, माझा फोटो छान आला, लाइक्सही भरपूर मिळाले. ते नेमकं काय चाललं होतं ते मला इथे कळलं. अण्णांनी समजावलं की रेकॉर्डिंग म्हणजे त्याच्यासाठी घरात घुसलेला दुसरा नर, तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो आणि भांडायला समोर कोणीच नसतं. मार्च ते जून हा विणीचा काळ, तेव्हाच तो गातो, तेव्हाच पर्यटक येतात आणि तेव्हाच स्पीकर लागतात. त्यात शोलाचा तुकडा छोटा असला की त्यात जोड्याही एखाद-दुसरीच, म्हणजे रोज येणारा प्रत्येक ग्रुप त्याच नराला त्रास देणार. मी घरी येऊन तो जुना फोटो काढून टाकला.

नाश्ता अण्णांच्या डब्यातला, शोलाच्या बाहेर चहाच्या मळ्याच्या बांधावर बसून. नाचणीचा उंडा आणि वालाच्या दाण्यांसारखी एक पातळ भाजी, गार झाली होती पण चव अप्रतिम. अण्णा बडगा समाजाचे, घरचा एक एकरभर चहा आहे, पानाला भाव मिळत नाही म्हणून पक्ष्यांचं काम धरलं असं म्हणाले. त्यामुळे चहाबद्दल बोलताना ते कुणाला शिव्या घालत नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटलं. बाहेरून येऊन "तुम्ही चहा लावून जंगल संपवलं" म्हणणं सोपं आहे.

आणि इथेच तो प्रसंग झाला जो मला अजून सुटत नाहीये. मावशीला सर्दी झाली होती, तिने पर्समधून निलगिरीच्या तेलाची बाटली काढली, रुमालावर दोन थेंब टाकले आणि हुंगायला लागली. अण्णांनी वास घेतला आणि विचारलं, हे तुमच्याकडे काय म्हणतात. मावशी म्हणाली, निलगिरी. तेल? नाही, झाडालाच निलगिरी म्हणतात आमच्याकडे, तेलाला निलगिरीचं तेल. अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग समोरच्या उतारावरच्या उंच पांढुरक्या खोडांच्या रांगांकडे हात करून म्हणाले, "वो हमारा नहीं है, ऑस्ट्रेलिया का है."

मला शाळेपासून माहितीये की ते झाड ऑस्ट्रेलियातलं, पण असं समोर बसून कधी जाणवलं नव्हतं. आपल्या भाषेत या डोंगरांचं नाव आपण त्या झाडाला दिलंय ज्याने याच डोंगरांचे उतार झाकून टाकले. मराठी घरात निलगिरी म्हटलं की वाफ घ्यायचं पातेलं डोळ्यासमोर येतं, हिरवा डोंगर येत नाही, आणि तो पक्षी तर नाहीच.

त्यानंतर अण्णांनी आम्हाला एका उंच जागी नेलं आणि समोरची दरी उतारा-उताराने वाचून दाखवली, जसं एखादा माणूस गावातली घरं दाखवतो, हे अमक्याचं, हे तमक्याचं. मी आठवेल तसं लिहितेय आणि घरी येऊन वाचून सालं पक्की करून घेतलीत. १८१९ मध्ये कोईमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन वर आला तेव्हा इथे काय होतं, तर उतारांवर गवत आणि घड्यांमध्ये शोला. इथल्या तोडा आदिवासींच्या म्हशी चरायच्या, बडगा लोकांची नाचणी-सावा. इंग्रजांना थंडीत जळण लागलं, शोला तुटायला लागले, आणि जळणाची सोय म्हणून १८४३ मध्ये निलगिरी (म्हणजे झाड!) आलं. ऑस्ट्रेलियातूनच वॅटल (बाभळीच्या कुळातलं झाड) आली, तिच्या सालीतून चामडं कमवायचं टॅनिन मिळतं म्हणून पुढे सरकारनेही ती भरपूर लावली, अगदी स्वातंत्र्यानंतरसुद्धा. मग चहा. मग बटाटा, गाजर, कोबीचे मळे. मग वीज करायला धरणं, पायकारा प्रकल्प १९३२ चा. आणि आता रिसॉर्ट. प्रत्येक वेळी कारण खरं होतं हो, कुणाला जळण हवं होतं, कुणाला पगार, कुणाला वीज.

सगळ्यात वाईट गवताचं झालं. गवताळ उताराला आधी इंग्रजांनी पडीक म्हटलं, मग आपणही म्हणत राहिलो, रिकामी जागा आहे लावा झाडं. दक्षिणेकडच्या पळणी डोंगरांचा उपग्रह चित्रांवरून अभ्यास झालाय, तिथे चाळीस वर्षांत दोन तृतीयांश गवताळ भाग गेला, लागवडीखाली आणि शेतीखाली. मला हे ऐकून पुण्याची वेताळ टेकडी आठवली, तिथेही गवताच्या उतारावर गिरीपुष्प लावून ठेवलंय, हिरवं दिसतं म्हणून आपल्याला बरं वाटतं, पण त्याच्याखाली काय उगवतं ते जाऊन बघा.

मी अण्णांना विचारलं की शोलाकिळी तर गवतात जातच नाही, मग गवत गेलं तर तिचं काय बिघडलं. त्यांनी उत्तर तोंडाने दिलं नाही, खाली उतरवून ओढ्यांपाशी नेलं. दोन बाजूंना दोन ओढे होते, एकाच्या वर अजून थोडं गवत आणि शोला शिल्लक, दुसऱ्याच्या वर पूर्ण वॅटल. पहिल्यात एप्रिलमध्ये घोट्याएवढं पाणी होतं. दुसऱ्यात दगड होते, आणि दगडांवर वाळलेलं शेवाळ, हात लावला तर भुगा झाला. वरच्या गवताने आणि शोलाच्या त्या गादीसारख्या पाल्याने पाऊस धरून ठेवायचा आणि वर्षभर थोडा थोडा सोडायचा, हा हिशोब आहे, भवानी आणि मोयारसारख्या नद्या याच हिशोबावर चालतात. शोलाकिळीला ओल लागते, ओल्या पाल्याखालचे किडे आणि गांडुळं लागतात, ओढ्याच्या काठातलं भोक किंवा झाडाची ढोली लागते घरट्यासाठी. ओढा सुकला की रान उभं असूनही ते तिचं घर राहत नाही.

बरं मग वॅटल तोडून टाकायची का, तर तेही एवढं सरळ नाही. तिचं बी मातीत कितीतरी वर्षं जिवंत राहतं आणि आग लागली की उलट जास्त उगवतं, नुसतं तोडलं तर दोन वर्षांत पहिल्यापेक्षा दाट रान. शिवाय जुन्या वॅटलच्या सावलीत काही ठिकाणी शोलाची रोपं स्वतःहून येतायत, ती पण त्यात चिरडली जातील. तामिळनाडू सरकारने २०२२ मध्ये अशा परक्या झाडांबद्दल धोरण आणलंय, काही उतारांवर काम सुरू आहे, अण्णा म्हणतात दहा वर्षं हाताने उपटत बसलं पाहिजे, मशीनने होणारं काम नाही हे. मला हे बोलणं आवडलं कारण त्यात घाई नव्हती.

दुसरी सकाळ वेगळी. या वेळी लाँगवुड नाही, चहाच्या मळ्यांमध्ये अडकलेला शोलाचा एक तुकडा, नाव मुद्दाम लिहीत नाही. मी घड्याळ लावून बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत अकरा मिनिटं. तीन बाजूंना चहा, चौथ्या बाजूला रस्ता. कडेला घाणेरी आणि केस्ट्रमची पिवळी-केशरी झुडपं आत घुसलेली. आणि रस्त्याच्या पलीकडे उतार कापायचं काम चालू, ताजी लाल माती, वर झाडांची मुळं लोंबतायत आणि खाली पोकलेन उभा, सहाला बंद होता, साडेसातला सुरू झाला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये याच जिल्ह्यात दरडी कोसळून चाळीसच्या वर माणसं गेली होती, अण्णांच्या ओळखीचं एक घर त्यात होतं, त्याबद्दल ते फार बोलले नाहीत.

त्या सकाळी शोलाकिळी दिसली नाही. साडेसहाला गाणं ऐकलं, ओढ्याच्या वरच्या अंगाने, दोनदा. पोकलेन सुरू झाल्यावर थांबलं. आम्ही नऊपर्यंत बसलो, परत आलं नाही. या तुकड्यातली जोडी दुसऱ्या रानात जाऊ शकते का असं मी विचारलं. अण्णा म्हणाले मी अकरा वर्षं बघतोय, रस्ता ओलांडताना कधी दिसली नाही, उंच उडत नाही ती, उघड्यावर येत नाही, तिला हा रस्ता म्हणजे दुसरी खिंडच. दक्षिणेकडच्या डोंगरांवर पांढऱ्या पोटाच्या बहिणीचा अभ्यास झालाय, त्यात जंगल तुटून वेगळ्या पडलेल्या पक्ष्यांच्या जनुकांमध्ये आणि गाण्यातही फरक दिसायला लागलाय. हजारो वर्षं खिंडीने जे केलं ते आपण काही दशकांत करतोय. मला त्या क्षणी ते दोनदा ऐकलेलं गाणं फार एकटं वाटलं.

बाकी काय दिसलं ते थोडक्यात, लिस्टवाल्यांसाठी. ब्लॅक अँड ऑरेंज फ्लायकॅचर (इतका जवळ की विश्वास बसेना), निलगिरी फ्लायकॅचर, निलगिरी लाफिंगथ्रशचा थवा, तोही एन्डेंजर्ड आहे आणि तोही या डोंगरांवरच, पण तो धीट, झुडपांत फळं खाताना मोठमोठ्याने बोलत असतो. निलगिरी पिपिट हवा असेल तर वरचं गवत शिल्लक असलेल्या भागात जावं लागतं, तो वेगळा दिवस आहे.

आता सेवेचं नीट सांगते. अर्ध्या दिवसाचे २,५०० रुपये, पूर्ण ग्रुपचे, डोक्यामागे नाही. नाश्ता आणि चहा त्यात. परवानगीची फी वेगळी. वेळेचे पक्के. वयस्कर माणसांना सांभाळून नेतात, मावशीसाठी प्रत्येक उतारावर आधी स्वतः उतरून हात द्यायचे आणि दोन दिवसांत एकदाही घाई केली नाही. माहिती खरी आणि स्वतः बघितलेली, पाठ केलेली वाटत नाही.

कमी काय आहे तेही लिहायला हवं. गाडी नाही, पायीच. वाटेत टॉयलेट नाही, बायकांनी आधी नियोजन करा. इंग्रजी थोडी, हिंदी मोडकी, तामिळ येत असेल तर दुप्पट मजा. फोटोग्राफरना त्रास होईल, कारण ते मोठ्या लेन्सवाल्यांना घरट्याच्या आसपास नेत नाहीत, कितीही पैसे दिले तरी, आमच्यासमोर एका माणसाला फोनवर त्यांनी नाही म्हणून सांगितलं. जळवा आहेत, पाऊस झाला असेल तर भरपूर, लांब मोजे आणि मीठ ठेवा. आणि एक खरंच सुधारण्यासारखं, बुकिंग फक्त फोनवर आहे आणि वर रेंज नसते, मला तीन दिवस लागले संपर्क व्हायला.

आणि पक्षी दिसेलच याची खात्री ते देत नाहीत. आम्हाला पहिल्या दिवशी दिसली, दुसऱ्या दिवशी नाही, पैसे तेवढेच. हे ज्यांना चालणार नाही त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडून पाचपैकी पाच.

जायचं तर मार्च अखेर ते मे, दोन आठवडे आधी फोन करा, सकाळचा स्लॉट घ्या. गडद कपडे, साधे ग्रिपवाले बूट. पैसे रोख न्या.

परवा अण्णांचा व्हॉइस मेसेज आला. पहिले वीसेक सेकंद नुसता पाऊस आहे, मग त्या अकरा मिनिटांच्या तुकड्यातलं तेच गाणं, आधी बारीक शिट्टी, मग वरची, मग खरखर. शेवटी अण्णांचा आवाज, "मॅडम, मौसी को सुनाना." मावशीला मी लगेच फॉरवर्ड केला. तिने पुढच्या एप्रिलची तारीख विचारलीये.